राघूला कळते काय?

पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या आठवड्यात आम्ही निपाणीकडच्या वाड्यांतून घरांना आशीर्वाद देत फिरत होतो. वेदगंगेच्या काठच्या एका वस्तीत ख्रिस्ती घरे तीनच आहेत. त्यांपैकी शेवटचे घर एका विधवा आजींचे. आम्ही दाराची कडी वाजविली मात्र, तोच आतून एका पुरुषाचा किंचित घोगरा आवाज आला, “अगं ए, च्या झाला का?” आम्ही जागच्या जागी थबकलो. त्या घरचे तात्या दोन वर्षांपूर्वी वारले होते आणि त्यांना मूठमाती आम्हीच दिली होती.

आजींनी दार उघडले आणि आमचा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, “भिऊ नका फादर, राघू हाय त्यो. कडी वाजली की असंच म्हणतंय.” ओसरीच्या तुळईला पिंजरा टांगला होता. आत गळ्याभोवती गुलाबी कंठ असलेला, डोळे वटारून आमच्याकडे पाहणारा एक राघू. तात्या रोज पहाटे धार काढून गोठ्याकडून येत, कडी वाजवीत आणि तेच चार शब्द म्हणत. बारा वर्षे राघूने ते ऐकले. आता तात्या नाहीत, परंतु कडी आहे, आजी आहेत आणि शब्दही आहेत.

प्रार्थना झाली, पवित्र पाणी शिंपडले. निघताना आजींनी विचारले, “फादर, त्येला कळतंय काय हो, त्यो काय बोलतोय त्ये?”

आम्ही म्हणालो, “नाही हो आजी. ती नुसती पोपटपंची. पाखराला काय कळणार?”

“बरं,” एवढेच त्या म्हणाल्या आणि पिंजऱ्यातली वाटी धुवावयास आत गेल्या.

तवंदीचा घाट चढून येईतो आम्हांस आमच्या उत्तराची लाज वाटू लागली होती. सेमिनरीत आम्ही आरिस्टॉटल व संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांतून जिवांचे प्रकार शिकलो. मनुष्याचा आत्मा विवेकी, पशुपक्ष्यांचा केवळ संवेदनशील, हा धडा आम्हांस मुखोद्गत आहे. तो खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु प्रश्न नीट ऐकण्यापूर्वीच पाठ असलेले उत्तर टाकून मोकळे होणे यालाच तर पोपटपंची म्हणतात! त्या ओसरीवर पोपटपंची कोणी केली, राघूने की आम्ही? पुढील काही आठवडे आम्ही या विषयावर जे मिळाले ते वाचले. त्यातील थोडे येथे वाचकांपुढे ठेवतो, कारण राघू पाळलेली घरे आमच्या गावांतून एक-दोनच नाहीत.

आपल्या शेतकऱ्यांना पोपटाची ओळख करून द्यावयास नको. शाळूच्या कणसात दूध भरले की थवेच्या थवे उतरतात. मग माळ्यावर गोफण घेऊन बसलेल्या पोरांचा घसा बसतो. पोपट खातो थोडे आणि पाडतो फार, ही तक्रार खरी आहे. हा आपला नेहमीचा, कंठवाला राघू. त्याहून थोराड, खांद्यावर लाल डाग असलेला एक असतो. नराचे डोके पिकलेल्या जांभळासारखे दिसणारी एक लहान जात आहे. खानापूर, चंदगड व आंबोलीकडच्या रानांत निळसर पंखांचा जो पोपट दिसतो, तो सह्याद्रीच्या रांगा सोडून जगात अन्यत्र कोठेही राहत नाही.

पाश्चात्त्यांना या पक्ष्याची पहिली वार्ता भारतातूनच गेली. इ. स. पूर्व 400 च्या सुमारास इराणच्या राजदरबारी क्टेसियस नावाचा एक ग्रीक वैद्य होता. तो स्वतः भारतात आला नव्हता, परंतु येथून येणाऱ्यांकडून ऐकून त्याने भारताविषयी ग्रंथ लिहिला. त्यात लाल चोचीच्या व काळ्या दाढीच्या एका पक्ष्याचे वर्णन आहे. हा पक्षी भारतीयांची भाषा माणसासारखी बोलतो, आणि ग्रीक शिकविली तर ग्रीकही बोलेल, असे तो नोंदवितो. आमच्या सीमाभागातील राघूला यात नवल वाटणार नाही. घरात कोंकणी, शाळेत मराठी आणि कचेरीत कन्नड अशी ज्या भागाची रीत, तेथील पिंजऱ्यातूनही तिन्ही भाषा ऐकू येतात. आणि भाषेवरून भांडण मात्र त्या पिंजऱ्यातून कधी ऐकू आले नाही.

आता तो बोलतो कसा, हे पाहू. आपले स्वरयंत्र गळ्यात असते. पक्ष्याचे तसे नाही. श्वासनलिका खाली जेथे दोन फुप्फुसांकडे फुटते, तेथे छातीच्या आत त्याचे ध्वनियंत्र असते. तेथे उठलेला आवाज वर येतो आणि पोपट आपल्या जाड, मांसल जिभेने त्याला घाट देतो. दक्षिण अमेरिकेतील एका जातीच्या पोपटांवर केलेले प्रयोग 2004 साली प्रसिद्ध झाले. जीभ किंचित जरी सरकली तरी ध्वनीत केवढा फरक पडतो, हे त्यांतून दिसून आले. आपणही “आ” आणि “ई” यांतील भेद जिभेनेच करतो. पोपटाला ओठ नाहीत, तरी तो “पोपट” म्हणतो. कसेबसे का होईना, निभावून नेतो.

आमच्या बायाबापड्यांत एक समजूत आहे की, हिरवी मिरची खाऊ घातली की राघूची जीभ सुटते. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, मग त्याने जीभ कशी सुटावी? कोणी कोणी तर जीभ खरवडतात म्हणे. हा निव्वळ दुष्टपणा आहे. असे कोणी करताना दिसल्यास त्यास तेथेच थांबवावे.

परंतु जीभ हे केवळ साधन. खरी करामत ऐकून शिकण्याची आहे, आणि ती सृष्टीत फार थोड्यांना लाभली आहे. गाईचे वासरू हंबरावयास कोणाकडून शिकत नाही. कोंबडीचे पिल्लू एकटे वाढले तरी पुढे कोंबडीसारखेच ओरडते. ऐकलेला ध्वनी मनात धरून, आपल्या तोंडून तो काढून पाहून, चुकला तर सुधारून पक्का करणे हे पक्ष्यांत मुख्यतः तीन कुळांस साधते: गाणारे पक्षी, अमेरिकेतील चिमुकले गुंजनपक्षी आणि पोपट. प्राण्यांत देवमासे, वटवाघळे असे थोडे, आणि आपण. माणसाशी अधिक जवळचे नाते असलेल्या वानरांनाही हे असे साधत नाही.

पोपटाचा मेंदू केवढासा! पण येथेही आपली फसगत होते. 2016 साली शास्त्रज्ञांनी अनेक पक्ष्यांच्या मेंदूतील चेतापेशी मोजल्या. मकाव नावाच्या मोठ्या पोपटाचा मेंदू अक्रोडाएवढा आणि मकाक जातीच्या माकडाचा लिंबाएवढा. तरी मेंदूच्या पुढील भागातील पेशी त्या पोपटात अधिक निघाल्या. त्या दाटीवाटीने बसविलेल्या असतात, इतकेच. त्याआधी, 2015 साली, असे आढळले होते की ध्वनी शिकण्याची जी केंद्रे पक्ष्यांच्या मेंदूत असतात, त्यांभोवती पोपटात आणखी एक कवच असते. इतर पक्ष्यांत ते आढळत नाही.

हे सर्व ऐश्वर्य विधात्याने पोपटाला “मिठू मिठू” म्हणण्यासाठी तर खचित दिले नसेल. मग कशासाठी? याचे उत्तर आम्हांस सर्वांत हृद्य वाटले. व्हेनेझुएला देशात अगदी चिमुकले असे हिरवे पोपट आहेत. त्या जातीत प्रत्येक पक्ष्याची स्वतःची अशी एक हाक असते आणि इतर पक्षी त्याला त्याच हाकेने ओळखतात. तिला नाव म्हटले तरी चालेल. ही हाक कोठून येते हे पाहण्यासाठी संशोधकांनी काही घरट्यांतील अंडी एकमेकांत बदलली. पिले मोठी झाली तेव्हा त्यांच्या हाका जन्मदात्यांशी नव्हे, तर ज्यांनी वाढविले त्यांच्या हाकांशी जुळल्या. 2011 साली हे प्रसिद्ध झाले. म्हणजे पिलू डोळे उघडून जगाकडे पाहते न पाहते, तोच आईबाप त्याला हाक देतात आणि पिलू तीच थोडी फिरवून आपली करून घेते. बारसेच म्हणा ना!

आता आपल्या पिंजऱ्यातील राघूचा विचार करा. झाडाच्या ढोलीतून पिसे फुटण्यापूर्वीच त्याला कोणी काढून आणलेले असते. ज्या वयात आईबापांची हाक शिकावयाची, त्या वयात त्याच्या कानी आपल्या घरातील बोलणे पडते. थव्यावाचून पोपटाला जगता येत नाही. थवा म्हणून त्याला आपण मिळालो. तेव्हा तो थव्याची बोली शिकतो. ज्याला आपण त्याची हौस समजतो, ती त्याची गरज असते.

हे झाले बोलण्याविषयी. कळण्याविषयी काय? आजींचा प्रश्न तो होता.

आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन विदुषींनी 1977 साली शिकागोतील एका दुकानातून राखी रंगाचा एक आफ्रिकी पोपट विकत घेतला. त्याचे वय तेव्हा सुमारे एक वर्ष. नाव ठेवले ॲलेक्स. त्याला शिकविण्याची त्यांची रीत मोठी मनोरंजक होती. पोपटासमोर दोन माणसे बसत. एकाने किल्ली दाखवून विचारावे, “हे काय?” दुसऱ्याने उत्तर द्यावे, आणि बरोबर उत्तराबद्दल त्याला तीच किल्ली हाताळावयास मिळावी. चुकले तर वस्तू दूर न्यावी. पोपट हे सारे पाहत असे आणि त्याला हेवा वाटे! मग तोही चर्चेत भाग घेई. ध्यानात घ्या की “किल्ली” म्हटल्याबद्दल पेरू मिळत नसे, किल्लीच मिळे. शब्द आणि वस्तू यांची गाठ अशी पडली.

ॲलेक्स तीस वर्षे शिकला. पन्नासएक वस्तू, सात रंग, पाच आकार त्याला सांगता येत. सहापर्यंत मोजता येई. ताटात निरनिराळ्या वस्तू मांडून “हिरवे किती?” असे विचारले, तर तो इतर वस्तू सोडून हिरव्या तेवढ्या सांगे. दोन वस्तू दाखवून “यांत सारखे काय?” असे विचारले तर “रंग” किंवा “आकार” असे उत्तर देई आणि काहीच सारखे नसेल तर “काही नाही” म्हणे. वस्तू नव्या, पूर्वी कधी न दाखविलेल्या असल्या तरी. सफरचंदाला त्याने केळे आणि चेरी यांची इंग्रजी नावे जोडून आपल्याच मनाने एक नवे नाव दिले होते. 6 सप्टेंबर 2007 रोजी तो वारला, तेव्हा जगातील मोठमोठ्या वृत्तपत्रांनी त्याची मृत्युवार्ता छापली.

सर्वच विद्वानांना हे पटले असे नाही. बक्षिसाच्या आशेने लागलेली ही सवय, असे काहींचे म्हणणे. स्वतः पेपरबर्गबाईंनीही याला माणसाच्या अर्थाने भाषा म्हणण्याचे टाळले, हे त्यांच्या सचोटीचे लक्षण. परंतु एवढे निश्चित की, ॲलेक्सचे उत्तर पाठ केलेले नव्हते. प्रश्न बदलला की उत्तर बदलत असे.

येथे आम्हांस आमच्या पहिल्या कम्युनियनच्या वर्गाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. प्रश्नोत्तरी धडाधड म्हणून दाखविणारी मुले आम्ही “शाबास” म्हणून पाठ थोपटून घरी धाडतो. परवा आम्ही सहज प्रश्नांचा क्रम उलटा केला. चौदा मुलांपैकी अकरा मुलांनी पाचव्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला दिले, तेही एका सुरात! दोष मुलांचा नव्हे; आम्ही त्यांना तसेच शिकविले. आईबाप समोरासमोर बसून देवाविषयी दोन शब्द बोलत आहेत आणि मूल हेव्याने त्यात डोके घालीत आहे, असे दृश्य आमच्या किती घरांतून दिसते? पोपटपंची हा शब्द मराठीत ज्याने रूढ केला त्याने पोपटावर मोठा अन्याय केला आहे. संस्कृत कवी याहून उदार होते. बाणभट्टाच्या कादंबरीत सारी कथा एक पोपट सांगतो, आणि त्या ग्रंथाचेच नाव पुढे मराठीत एका साहित्यप्रकाराला मिळाले. युरोपातही मध्ययुगात पोपट “आवे” म्हणतो, म्हणजे पवित्र मरियेला वंदन करतो, अशी भाविकांची कल्पना होती. यान व्हान आयक याने 1436 साली पुरे केलेल्या ब्रुजेसच्या प्रसिद्ध चित्रात माता व बाळ येशू यांच्यापाशी हिरवा पोपट आहे.

बाजारात बसणाऱ्या ज्योतिष्याच्या पोपटाचीही गोष्ट सांगून टाकतो, कारण आमच्यातीलही काही जण चोरून तेथे जातात. पाखरू पिंजऱ्यातून येते, चिठ्ठी ओढते, दाणा खाते, परत जाते. तेथे भविष्य नक्की ठाऊक असलेला एकच जीव असतो, तो पोपट. चिठ्ठी ओढली की दाणा मिळणार हे त्याला पक्के माहीत असते.

पोपट काय शिकतो हे अखेर त्याच्या घरावर अवलंबून. 2015 साली चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एक प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. पंच्याऐंशी वर्षांच्या एका वृद्धेची तक्रार होती की, सावत्र मुलाने आपल्या पोपटाला मुद्दाम शिव्या शिकविल्या आहेत आणि ती दिसली की पोपट तिला शिव्या देतो. मुळात भांडण मालमत्तेचे होते. पोलिसांनी मुलाला, वृद्धेला आणि पोपटाला ठाण्यावर बोलाविले. ठाण्यात पोपटाने चोच उघडली नाही. शेवटी त्याला वन खात्याच्या स्वाधीन करण्यात आले. वृत्तपत्रांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली. आम्हांस हसू आले नाही. ज्या घरात शिव्या शिकविण्यासाठी एवढा वेळ आणि एवढी चिकाटी मिळते, त्या घरातील वृद्धेचे दिवस कसे जात असतील?

आणखी एक गोष्ट वाचली आणि पुस्तक मिटून ठेवले. हुम्बोल्ट नावाचा जर्मन प्रवासी 1800 साली दक्षिण अमेरिकेत ओरिनोको नदीच्या काठी होता. तेथे एक म्हातारा पोपट असल्याचे त्याने लिहिले आहे. तो पोपट काय बोलतो हे कोणाला कळत नसे, कारण तो आतुरे नावाच्या जमातीची भाषा बोलत होता आणि ती जमात नष्ट झाली होती. आम्हांस ती वेदगंगेकाठची ओसरी आठवली.

जून महिन्यात, पहिल्या पावसानंतर, आम्ही पुन्हा तेथे गेलो. कडी वाजविली, हाक आली. आम्ही आजींना म्हणालो, “आमचे मागचे उत्तर चुकले. तात्या वारले हे त्याला कळते असे आम्ही म्हणू शकत नाही. चहा म्हणजे काय हेही कदाचित त्याला ठाऊक नसेल. पण कडी वाजली की या घरात कोणाला तरी हाक मारावयाची असते, आणि ती कोणत्या शब्दांनी, हे त्याला कळते. तो आपल्या थव्याला हाक मारतो.”

“म्हंजे मलाच की,” आजी म्हणाल्या.

“होय.”

मग दुसरी, अधिक कठीण गोष्ट सांगणे प्राप्त होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्या रानातील पोपट पकडणे, विकणे किंवा घरी पाळणे हा गुन्हा आहे. परदेशी पक्ष्यांचे नियम निराळे आहेत, त्यांत येथे शिरत नाही. पण आपला राघू, कोणताही, पिंजऱ्यात ठेवण्याची परवानगी कोणालाच नाही. हे अनेकांना ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे ते “सगळेच ठेवतात” म्हणून गप्प बसतात. एका पिलासाठी ढोली फोडली की ती ढोली पुढील वर्षी कोणाच्याच उपयोगी पडत नाही, आणि पिंजऱ्यापर्यंत जिवंत पोहोचण्यापूर्वी किती पिले वाटेतच मरतात हे घेणाऱ्याला दिसत नाही.

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे गेले. आता ह्योबी जायाचा?” या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि या खेपेस आम्ही दिलेही नाही.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “दार उघडून सोडू काय?” तसे मात्र करू नये, वाचकांनीही करू नये. इतकी वर्षे पिंजऱ्यात काढलेल्या पाखराच्या पंखांत बळ नसते, अन्न शोधणे त्याला ठाऊक नसते, ससाणा कोणता आणि कावळा कोणता हे कळत नसते. ते दोन दिवसांत मरते. वन खात्याला कळवावे. आपण होऊन आणून देणाऱ्या गरिबाला सहसा कोणी छळत नाही, आणि भीती वाटत असेल त्याने आमच्याकडे यावे, आम्ही बरोबर येऊ.

आजींनी आठ दिवस घेतले. त्या आठ दिवसांत त्यांच्या नातवाने कडी वाजवून वाजवून राघूची हाक मोबाईलवर उतरवून घेतली. मग आजींनी स्वतःच आम्हांस फोन केला. कचेरीतील तरुण अधिकाऱ्याने पिंजरा दोन्ही हातांनी घेतला आणि पाखरू काय खाते ते नीट विचारून लिहून घेतले. त्याला इतर पोपटांबरोबर मोठ्या जाळीत ठेवणार आणि त्याचे पंख कसे चालतात ते पाहून पुढचे ठरविणार, असे त्याने सांगितले.

गेल्या आठवड्यात आम्ही त्या वस्तीत गेलो होतो. कडी वाजविली. आतून काही आवाज आला नाही. आजींची पावले तेवढी ऐकू आली. ओसरीवर बसल्यावर त्यांनी विचारले, त्या जाळीत तो आता कोणाला हाक मारत असेल? आम्ही सांगितले की, ऑस्ट्रेलियात पाळलेले काकाकुवे सुटून रानातल्या थव्यांत मिसळतात आणि मग त्यांच्याकडून ऐकून रानातले पक्षीही माणसांचे शब्द बोलू लागतात, असे तिकडचे जाणकार सांगतात. तेव्हा तात्यांचे शब्द त्या जाळीतला दुसरा एखादा राघू उचलीलही.

आजींनी पदर तोंडाला लावला. आम्हांस वाटले त्या रडताहेत, पण त्या हसत होत्या. “म्हंजे सगळी मिळून त्या साहेबाला च्या मागत बसतील की वो,” त्या म्हणाल्या, आणि आधण ठेवावयास उठल्या.